जिथे कोणी ओळखत नाही अशी जागा

वहीत सहा रकाने होते: जागा, वेळ, प्रकाश, आवाज, परवानगी आणि ओळखीचे. पहिले पाच शिक्षकांनी सांगितलेले होते. सहावा मी जोडला होता. तो का जोडला हे आमच्या गटातल्या तिघांनाच माहीत होतं.

रायपूरला राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. मी पत्रकारितेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि दुपारनंतर एका हिंदी दैनिकात शहराच्या पानासाठी लिहीत होते. कुठल्या चौकात पाणी तुंबलं, कुठल्या वॉर्डात दिवे बंद आहेत, अशा बातम्या. शहर मला पाठ आहे असं कचेरीत सगळे म्हणत आणि मलाही तसं वाटत असे. म्हणून वर्षअखेरीच्या कामासाठी गट पडले तेव्हा जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं.

काम होतं पाच मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ. कॉलेजकडे दिवे नव्हते, त्यामुळे सगळं चित्रण बाहेर, उन्हात करायचं होतं. कॅमेरा गटातल्या एका मुलाच्या काकांचा. ते लग्नांचे व्हिडिओ काढत. कॅमेरा मोकळा सापडायचा तो फक्त खरमासात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, कारण त्या महिन्यात इकडच्या हिंदी घरांत लग्नं होत नाहीत. आमच्या घरी त्याच महिन्याला धनुर्मास म्हणत आणि पहाटे खिचडी होत असे. लग्नं नसल्यामुळे कोणाचा कॅमेरा मोकळा होतो हे मला त्या वर्षी कळलं. संक्रांतीला कॅमेरा परत करायचा होता.

तिसरी होती ती गाणं लिहिणारी आणि गाणारी. तिचं घर गुढियारीला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. वडील मालधक्क्यावर बाबू होते. वॅगनमधून उतरणाऱ्या बोऱ्या मोजून टॅली लिहिणं हे त्यांचं काम. आजोबांच्या वेळी कुटुंब गोंदियाकडून आलं होतं. बौद्ध घर. दरवर्षी एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत ती ट्रकवर उभी राहून माइकवर गात असे आणि वडील ट्रकच्या बाजूनं चालत असत. तेव्हा गाण्याला कोणाची हरकत नव्हती.

हरकत सीडीला होती. त्या दिवसांत छत्तीसगढी एल्बमच्या सीड्या हातठेल्यांवर विकल्या जात. पानठेल्यांवर छोटे टीव्ही लावलेले असत आणि त्यांवर दिवसभर मुली नाचताना दिसत. ‘एल्बमवाली’ हा शब्द मोहल्ल्यांत चांगल्या अर्थानं वापरत नसत. त्यात आमच्या आदल्या वर्षीच्या गटाचा व्हिडिओ कोणीतरी केबलवाल्याला दिला होता आणि तो आठवडाभर लागत होता. त्याच सुमारास तिला भिलाईचं एक स्थळ आलं होतं. मुलगा प्लांटमध्ये. संक्रांतीनंतर ते लोक पाहायला येणार होते.

वडिलांनी तिला सांगितलं ते तिनं आम्हाला कॅन्टीनमध्ये त्यांच्याच आवाजात करून दाखवलं: “गाण्याले माही ना नाही. आवाज दे, घरी ये. पन ओळखीच्या कोन्या मानसानं तुले कॅमेऱ्यासमोर पाह्यलं नाही पाहिजे.”

“तो मतलब हां है कि ना?” आमच्या गटातल्या कॅमेऱ्यावाल्या मुलानं विचारलं.

“मतलब ऐसी जगह ढूंढो जहां मुझे कोई पहचानता नहीं,” ती म्हणाली. घरी तिच्याशी सगळे मराठीत बोलत आणि ती सगळ्यांना हिंदीत उत्तर देत असे.

अशी जागा मिळाली नाही तर काय करायचं हे शिक्षकांनी ठरवून टाकलं होतं. वर्गात एक मुलगी होती, कथक शिकलेली, दिसायला चांगली. गाण्याच्या तालावर ओठ हलवायला ती तयार होती. पडद्यावर तिचा चेहरा आणि आवाज आमच्या मैत्रिणीचा. शिक्षकांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला होता.

मैत्रीण एवढंच म्हणाली, “गाना मेरा है. मुंह भी मेरा रहेगा.” मग चहा संपवून उठली.

गाणं एका मुलीचं होतं. ती नव्या रुंद रस्त्याला प्रश्न विचारते. ‘इतनी चौड़ी सड़क बनाई, जाना कहां है बोलो’, अशी त्यातली परत परत येणारी ओळ होती.

जागा पाहायला ती बरोबर नसे. घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर एवढीच तिला मोकळीक होती. मी आणि कॅमेऱ्यावाला जात असू. माझी पद्धत अशी होती: ज्या वेळी चित्रण करायचं त्याच वेळी जायचं, अर्धा तास थांबायचं, आणि त्या अर्ध्या तासात जितकी ओळखीची माणसं दिसतील ती मोजून सहाव्या रकान्यात लिहायची. ती नाही तर मी मोजते, असा विचार होता. आम्ही दोघी मराठी, दोघींची घरं विदर्भातून आलेली. रायपुरात मराठी माणसं ती किती? माझ्या ओळखीचे ते तिच्या ओळखीचे, हे मी धरूनच चालले होते. त्याचा विचारसुद्धा केला नव्हता.

पहिली जागा सदर बाजार. सकाळी साडेआठला सराफांची शटर्स खाली असतात, गल्लीत तिरपं ऊन येतं आणि दुचाक्यांची गर्दी सुरू व्हायला तासभर असतो. कॅमेऱ्यावाला खूश होता. “एकदम क्लासिक लगेगा. बस गाय हटानी पड़ेगी.”

गायीच्या आधी एक स्कूटर थांबली. गणपतीच्या कार्यक्रमात आईच्या बरोबर हळदीकुंकवाचं पाहणाऱ्या बाई होत्या.

“अगं, तू इकडे काहून? इतक्या सकाळी? आई बरी आहे ना?”

“बरी आहे मावशी. कॉलेजचं काम आहे.”

“अन हा कोण?”

“कॅमेरा आहे त्याच्याकडे.”

“तो दिसला मला. हा कोण ते विचारून राहिली मी.”

अर्ध्या तासात सात. वहीत सात लिहिले.

बूढा तालाबच्या बागेत अकरा झाले. सेवानिवृत्त मराठी मंडळींचा फिरायला येणारा एक गट असतो हे मी विसरले होते. त्यातल्या एका काकांनी कॅमेऱ्यासमोर येऊन मफलर नीट केला.

“शूटिंग हाय का? मले घेता काय? जवानीत नाटकात काम करत होतो मी.”

“काका, गाण्यात हिरो नाही आहे.”

“मंग बापाचा रोल असन.”

“बापाचा पण नाही.”

“बिना बापाचं गाणं!” ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले. “पाह्यलं? म्हणून पोट्टे बिघडून राहिले.”

गुढियारीचं नाव यादीत घेण्याचा प्रश्नच नव्हता. चौबे कॉलनीचंही घेतलं नाही. आमची गल्ली तिथे होती, सरळ आणि स्वच्छ, दुपारी पूर्ण रिकामी. मैत्रिणीनं एकदा विचारलं होतं, “तेरी गली में क्यों नहीं? वहां तो मेरे को कोई नहीं जानता.” मी सांगितलं की तिथे झाडांमुळे ऊन नीट येत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं. आमच्या समोरच्या बाल्कनीत दिवसभर कोणीतरी उभं असे आणि आईला उत्तरं द्यावी लागली असती.

तिसरी जागा नया रायपूर, शहराबाहेर आखलेली नवी राजधानी. तेव्हा तिथे राजधानी नव्हती, फक्त तिचे रस्ते होते. शहरातून स्कूटीनं पाऊण तास. कापलेल्या धानाची शेतं संपली की एकदम सहा पदरी रस्ता सुरू व्हायचा, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, मध्ये दुभाजक, त्यात गुडघाभर रोपं. पुढे मोठं वर्तुळ. वर्तुळातून चार दिशांना तसेच चार रस्ते, आणि त्यातला एकही कुठे पोचत नव्हता. शेताच्या कडेला तो संपायचा आणि पुढे बांध सुरू व्हायचा. गाण्यातली ओळ कोणीतरी आधीच तिथे बांधून ठेवली होती.

आम्ही अर्ध्या तासाऐवजी एक तास थांबलो. एक ट्रॅक्टर गेला. दूरवर दुभाजकाच्या कडेचे सिमेंटचे ठोकळे बसवायचं काम चाललं होतं. काही रेजा घमेली वाहत होत्या. बांधकामावर मजुरी करणाऱ्या बायांना इकडे रेजा म्हणतात. त्यांच्यावर देखरेख करणारा मुनशी छत्री लावून खुर्चीवर बसला होता. बाकी कोणी नाही.

मी वहीत लिहिलं: नया रायपूर. सकाळी दहा. प्रकाश उत्तम. आवाज नाही. परवानगी विचारावी. ओळखीचे: ० (कामगार सोडून).

कंसातले ते दोन शब्द मी सवयीनं लिहिले. बातमी लिहिताना अचूक राहायचं असतं.

कॅमेऱ्यावाल्यानं तरीही धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. तिच्या वडिलांना उद्या कोणी सीडी दाखवली तर? त्यानं एक योजना काढली आणि माझ्या वहीच्या पुढच्या पानावर चौकोन काढून दाखवली. पहिल्या चौकोनात पाठमोरी मुलगी, दुसऱ्यात चालणारे पाय, तिसऱ्यात वाऱ्यावर उडणारी ओढणी, चौथ्यात हात, पाचव्यात लांबून काळी आकृती. “चेहरा दिखेगा ही नहीं, तो कौन पहचानेगा?”

मैत्रिणीनं ती पाच चित्रं बराच वेळ पाहिली. “ये तो कोई भी हो सकती है,” ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही. संक्रांतीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वेळात मी तिला स्कूटीवर मागे बसवून तिथे नेलं. रायपूरच्या सगळ्या मुली बांधतात तसा तिनं चेहऱ्याभोवती स्कार्फ बांधला होता, फक्त डोळे दिसत होते. वर्तुळाजवळ उतरल्यावर तिनं इकडेतिकडे पाहिलं, चारही रस्त्यांवर कोणी नव्हतं, आणि मग स्कार्फ सोडला. कॅमेऱ्यावाल्यानं सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर दुभाजकावर ठेवला. गाणं सुरू झालं. ती रस्त्याच्या मधोमध चालत चालत गाऊ लागली. नुसते ओठ हलवणं तिला जमेना, ती खरंच गात होती.

दुसरं कडवं चालू असताना काम करणाऱ्या बायांतली एक उभी राहिली. डोक्यावरचं घमेलं तिनं खाली ठेवलं, हात कपाळावर धरून पाहिलं आणि ओरडली:

“ये दे! ये तो हमर पारा के नोनी आय! माल बाबू के बेटी!”

आपल्या मोहल्ल्यातली पोर म्हटल्यावर बाकीच्यांनी माना वळवल्या. दोन मिनिटांत सगळ्या रस्त्यावर होत्या. सगळ्यांत पुढची म्हातारी होती, नाकात फुली, केस पांढरे, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

“कइसे आए हस नोनी? तोर ददा जानथे?”

वडिलांचा विषय निघताच मैत्रिणीनं स्कार्फ हातात घेतला. गाणं टेपरेकॉर्डरवर एकटंच चालू होतं. तेवढ्यात छत्री सोडून मुनशी आला.

“क्या चल रहा है? परमिशन है?” त्यानं आधी मला विचारलं, मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एल्बमवाली है क्या?”

म्हातारी त्याच्या आणि तिच्या मधे येऊन उभी राहिली. “मुंह सम्हाल के गोठिया. एल्बमवाली नोहे. हमर बाबू के बेटी आय, कालेज म पढ़थे.” मग मागे वळून तिनं आज्ञा केली, “गा बेटी. गा. हमन सुनत हन.”

मैत्रीण गायली नाही. तिनं स्कार्फ बांधला आणि स्कूटीवर जाऊन बसली. परत येताना तेलीबांधाजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “पांच बजे इनकी गाड़ी गुढ़ियारी में उतारती है. छह बजे तक पापा को मालूम.” आणि हिरवा दिवा लागल्यावर: “उस कथकवाली को बोल दे, सीख ले गाना.”

मला निरोप आला तो रविवारी सकाळी. वडिलांनी बोलावलं होतं आणि वही घेऊन यायला सांगितलं होतं.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात ऊन होतं. तिचे वडील, त्यांना मी काका म्हणत असे, खाटेवर बसले होते, अंगात रेल्वेचा निळा स्वेटर, चष्मा दोरीनं गळ्यात. काकू पोत्यावर बसून तिवऱ्याची भाजी निवडत होत्या. भंडाऱ्याकडे तिलाच लाखोळी म्हणतात. मैत्रीण दारात उभी होती. ती आत आली नाही आणि बाहेरही गेली नाही.

“ये बेटा, बस. वही आणली का?”

मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. माझी नोंदवही इतक्या सावकाश संपादकांनीही कधी वाचली नव्हती.

“सदर बाजार. सात. हे सात कोन?”

“ओळखीचे, काका.”

“कोनाच्या?”

मी नावं सांगितली. हळदीकुंकवाच्या मावशी, बाबांच्या कचेरीतले दोघे, आमच्या दाताचे डॉक्टर.

“ह्याइच्यातलं कोनी हिले ओळखते?”

मी विचार केला. “नाही.”

“मी सदरात पाय ठेवला का पहिला हातठेलेवालाच इचारते, बाबू, किधर. बोऱ्या वाहनारे पल्लेदार हायेत, रिक्शेवाले हायेत. सात!”

“तुमी तिले कोर्टात उभी करून राहिले काय?” काकू म्हणाल्या. “चहा तर पिऊ द्या पोरीले.”

“पिऊ दे ना. मी कुठी कप धरला?” त्यांनी पान उलटलं. “तालाब. अकरा. बरं.” पुन्हा पान उलटलं. “नया रायपूर. शून्य. कामगार सोडून.” ते थांबले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हे कामगार सोडून काहून?”

कचेरीत असे प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत असे. वॉर्डात इतके दिवे बंद, मग तुमच्या कागदावर सगळे चालू कसे? त्यांचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक होतं.

“मला वाटलं ते ओळखीचे नसतात,” मी म्हणाले.

काका रागावले नाहीत. “त्यातल्या चौघींचे नवरे माह्या धक्क्यावर बोऱ्या उचलतेत. ते बुढी हाय ना, हिची आई बिमार होती तवा तीन महिने तिनं हिले न्हाऊ-माखू घातलं. हे तिले अम्मा म्हनते.” त्यांनी खिशातला पेन काढला, शून्यावर आणि कंसावर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला बाबूच्या वळणदार अक्षरात आकडा लिहिला. तेरा. खाली छोटी सही केली. टॅलीत खोडाखोड केली की सही करावी लागते.

“पापा,” मैत्रीण दारातून म्हणाली, “मना है तो मना बोल दो ना.”

“मना कोन करून राहिलं? मी मोजून राहिलो.”

पुढच्या पानावर कॅमेऱ्यावाल्याचे पाच चौकोन होते. काकांनी वही आडवी धरली, मग उभी.

“हे काय हाय?”

“शॉट आहेत काका. कसं घ्यायचं ते.”

“हे पाय कोनाचे?”

“तिचे.”

“आन हे?”

“तिची पाठ.”

“तोंड कुठी हाय?”

“तोंड नाही घ्यायचं असं ठरलं. तुम्हीच म्हणाला होता ना, ओळखीच्या कोणी...”

“मी म्हनलं होतं का ओळखीच्यानं पाहू नये. आता त्याईनं पाह्यलं ना. परवा सांजच्याले तेराच्या तेरा बाया ह्या दारावरून गेल्या. एक नाही चुकली.”

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

काकूंनी भाजीवरून मान वर केली. “काय म्हनन. नोनी बने गाथे म्हने, मस्त गाते पोरगी. अन त्या मुनशीले कसं झापलं ते. ते तर बुढीनं तीनदा करून दाखवलं.” त्यांना हसू आवरेना. “मोहल्ल्यातल्या सगळ्या जमल्या पाहाले.”

काका हसले नाहीत. ते वहीतल्या त्या चौकोनांकडेच पाहत होते.

“आता सीडी आली, अन तिच्यात हिचं तोंडच नाही, तर ह्याच बाया इचारतीन, बाबूनं काहून लपवलं? काही गडबड हाय काय?” त्यांनी वही मिटली. “धक्क्यावर बिना मार्क्याची एक बोरी आली ना बेटा, तर आमी सगळ्यात पहिले तिलेच खोलून पाहातो. मार्का असलेल्या बोरीले कोनी हात नाही लावत. काढाचं असन तर पूरं तोंड काढा. नाहीतर नका काढू.”

“आन भिलाईवाले?” काकूंनी विचारलं. हा प्रश्न त्या घरात दोन दिवस फिरत असावा, कारण कोणी चमकलं नाही.

“त्याईले मीच दाखवतो. पानठेल्यावर पाहाण्यापेक्षा माह्या घरी पाहू दे.”

मी दाराकडे वळून पाहिलं तर मैत्रीण तिथे नव्हती. आतून ग्लास खाली ठेवल्याचा आणि नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बराच वेळ चालू होता.

“चहा आण गं,” काका मोठ्यानं म्हणाले. “अन एक अट हाय. त्या बाया बसल्या असतीन तवाच शूटिंग. एक ते दोन त्याइची सुट्टी असते. मी बुढीशी बोललो हाय.”

अट ऐकून कॅमेऱ्यावाल्यानं डोकं धरलं. “एक बजे? धूप सीधी ऊपर से! आंख के नीचे गड्ढे, नाक के नीचे मूंछ आ जाएगी. सर एक नजर में नंबर काटेंगे.” लग्नांच्या व्हिडिओंत तो जे काही शिकला होता ते सगळं त्या वेळेच्या विरुद्ध होतं. मी वहीत लिहिलं: वेळ दुपारी एक. प्रकाश वाईट. मग त्यानंच उपाय काढला. त्याच्या काकांच्या व्हिडिओच्या दुकानात थर्माकोलची मोठी पांढरी पाटी होती. ती खालून तिरकी धरली की ऊन तिच्यावरून उलटून चेहऱ्यावर पडतं. धरायला एक माणूस लागतो आणि त्यानं तास-तासभर हलायचं नाही.

बुधवारी दुपारी आम्ही गेलो. बायांनी दुभाजकाच्या कडेला ओळीनं डबे उघडले होते: भात, टमाट्याची चटणी, एकीकडे सुकी मच्छी. मुनशी स्वतःहून शंभर पावलं लांब जाऊन बसला होता. मैत्रिणीनं काकूंची पिवळी साडी नेसली होती आणि केसांना तेल लावलं होतं. ते कॅमेऱ्यावाल्याला पसंत नव्हतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.

“अम्मा, भीड़ मत करना,” तो म्हणाला. “पीछे बैठे रहना. खाते रहना. कैमरे में मत देखना.”

“हव, हव. हमन खाबो, तैं अपन काम कर,” म्हातारी म्हणाली, पण थर्माकोलची पाटी तिनं स्वतःच हातात घेतली आणि मग कोणाला दिली नाही. आयुष्यभर डोक्यावर घमेलं तोललेल्या हातांनी ती पाटी अशी धरली की कॅमेऱ्यावाल्याला कोन एकदाच सांगावा लागला.

मैत्रीण रस्त्याच्या मधोमध चालत आली आणि गायली. चेहरा उघडा, सरळ कॅमेऱ्याकडे. पहिल्या वेळी तिनं उन्हामुळे डोळे बारीक केले, दुसऱ्या वेळी नाही. एक तासात सगळं झालं. दोन वाजता मुनशीनं शिट्टी वाजवली आणि बाया घमेली उचलून कामाला लागल्या.

शिक्षकांनी प्रकाशाचे गुण कापले. वेळेची निवड चुकीची आहे असा शेरा दिला. वही दाखवली असती तर कारण कळलं असतं, पण वही मागायची पद्धत नव्हती.

सीडी तयार झाली त्या शनिवारी मी ती गुढियारीला घेऊन गेले. भिलाईचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. काका ड्यूटीवरून आले होते, हातपाय धुऊन टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले. काकू दाराशी, मैत्रीण खाटेच्या पायथ्याशी. पाच मिनिटांनी गाणं संपलं.

“परत लाव,” काका म्हणाले.

मैत्रिणीनं परत लावलं. मला वाटलं त्यांना मुलीला पुन्हा पाहायचं आहे. पण ते खुर्चीत पुढे झुकले होते आणि उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूहळू आपटत होतं, बोऱ्या मोजताना आपटत असेल तसं. त्यांची नजर मुलीच्या मागे होती, दुभाजकाच्या कडेला डबे उघडून बसलेल्या ओळीवर.

“बारा,” ते म्हणाले. “एक कमी हाय. बुढी कुठी हाय?”

“पापा, अम्मा ने वो सफेद वाला पकड़ा था. कैमरे के बाजू में.” तिनं पडद्यावर बोट ठेवलं, स्वतःच्या गालावर, जिथे भर दुपारीही सावली नव्हती. “ये जो उजाला है ना मेरे मुंह पे, ये उन्हीं का है.”

काकांनी थोडा वेळ तिथे पाहिलं.

“मंग बरोबर हाय,” ते म्हणाले. सीडी काढून त्यांनी कव्हरात घातली आणि उद्या येणाऱ्यांना बसल्या जागेवरून दिसेल अशी टीव्हीवर उभी करून ठेवली.